सव्वा महिन्याच्या आतला प्रवास: एका नवजात मुलीच्या झोपेचं प्रकरण

या प्रकरणात गावांची नावं गाळली आहेत आणि बाळाच्या आईला सविता म्हटलं आहे. बाकीची माणसं नात्यानेच येतील, कारण या घरातले बहुतेक निर्णय नात्यांनीच घेतले. मी त्या भागातल्या उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी आहे. सगळी हकिगत माझ्या आणि आशाताईच्या नोंदींवरून लिहिली आहे. सासरच्या तीन रात्रींचं तेवढं सविताकडून आणि तिकडच्या आशाताईकडून ऐकलेलं आहे.

पार्श्वभूमी

सविताचं माहेर यवतमाळ जिल्ह्यात घाटंजीकडे, सासर वाशीम जिल्ह्यात कारंजा-मंगरूळपीरच्या मधे. अंतर साधारण दीडशे किलोमीटर. रिवाजाप्रमाणे पहिलं बाळंतपण माहेरी झालं. ग्रामीण रुग्णालयात मुलगी झाली, वजन २ किलो ६५० ग्रॅम. सातव्या दिवशी ते थोडं उतरलं, चौदाव्या दिवशी भरून निघालं आणि एकविसाव्या दिवशी काटा २ किलो ९०० वर गेला. अंगावरचं दूध नीट पीत होती, दिवसाला सात-आठ लंगोट ओले होत होते.

दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते. या भेटींचं मूळ विदर्भातलंच आहे. गडचिरोलीत 'सर्च' या संस्थेच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी शिकवली. त्या कामाचा अभ्यास १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला आणि २०११ पासून हे काम देशभरच्या आशांकडे आलं. हे सांगायचं कारण एवढंच, की या प्रकरणात जे काही वेळेवर कळलं ते या भेटींमुळे कळलं.

घर टिनाच्या छपराचं, त्यात एकच कूलर. एप्रिल सरत आला होता, दुपारी बारानंतर टिन असं तापायचं की कूलरही गरम हवा फेकायचा. लाईन गेली की तीही नाही. मुलगी दिवसभर झोपायची आणि रात्री अकरा ते दोन टक्क जागी. सविताची आई म्हणायची, "रात्रीची पोरगी हाय बाई हे." मी तिला सांगितलं होतं की इतक्या लहान बाळाला दिवस-रात्र कळत नाही. ते घड्याळ दोन-तीन महिन्यांनी बसायला लागतं. तोवर बाळ २४ तासांत १४ ते १७ तास झोपतं, पण तुकड्यातुकड्यांनी, आणि मधे मधे पोट मागतं. आईने मान डोलावली. पटलं नव्हतं.

अशातच सासरहून फोन आला. धाकट्या दिराचं लग्न ठरलं होतं, बाळाच्या चौतिसाव्या दिवशी. सासूबाईंचं म्हणणं सरळ होतं: घरातलं लग्न, मोठी सून आणि नात दोघी पाहिजेत. सविताच्या आईचंही तितकंच सरळ: सव्वा महिना झाल्याशिवाय बाळंतीण वेस ओलांडत नाही.

बाविसाव्या दिवसाची फेरी

लग्नाचा निकाल लागायच्या आधी एक छोटी फेरी झाली, आणि खरं तर हे प्रकरण तिथूनच सुरू होतं.

सविताचे टाके दाखवायला मायलेकी बाळाला घेऊन एसटीने तालुक्याला गेल्या. सकाळी साडेनऊला दूध पाजून निघाल्या, एकच्या गाडीने परत. वारं लागू नये म्हणून बाळाला झबलं, टोपडं, पायमोजे, वर दोन दुपटी, आणि धूळ जाऊ नये म्हणून तोंडावरून शेला. लग्नसराईची गाडी, उभं राहायला जागा नाही. पोरगी सकाळी गाडीत बसताच जी झोपली ती सव्वादोनला घरी येईपर्यंत हलली नाही. शेजारी बसलेल्या बाईने कौतुक केलं म्हणे, "किती गुणाची पोरगी हाय, चार घंटे हूं नाही का चूं नाही."

घरी आल्यावर सविताने छातीशी लावली तर तोंड उघडेना. अंग कढत. लंगोट सकाळचाच, कोरडा. तिने आशाताईला बोलावलं. काखेत थर्मामीटर लावला तर १००.२ फॅरनहाइट आलं. आशाताईने मला फोन केला.

इथे पहिला निर्णय माझ्यावर आला. इतक्या लहान बाळाचं काखेतलं तापमान ९९.५ च्या वर गेलं की जंतुसंसर्ग धरून चालायचं आणि पुढे पाठवायचं, असं आम्हाला शिकवलेलं आहे. पण समोर दिसत होतं की बाळ कपड्यांत शिजलं होतं. मी वैद्यकीय अधिकाऱ्यांना फोन लावला. त्यांनी सांगितलं, सगळं काढा, सावलीत मोकळं ठेवा, ओल्या फडक्याने पुसत बसू नका, पाजायचा प्रयत्न करा, अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. उतरलं नाही किंवा पीत नसेल तर थांबू नका, १०२ ची रुग्णवाहिका बोलवा. अर्ध्या तासाने ९९.३ आलं. तोवर मुलीने डोळे उघडून दूध ओढायला सुरुवात केली होती. संध्याकाळपर्यंत दोन लंगोट ओले झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणीही झाली, संसर्गाचं लक्षण काही निघालं नाही.

तो अर्धा तास मी थांबले ते बरोबर होतं का, हा प्रश्न मी अजून मनात ठेवला आहे. डॉक्टर फोनवर होत्या आणि गाडी बोलावता येत होती, म्हणून थांबले. नेटवर्क नसतं तर थांबले नसते.

अडचण नेमकी कोणती

घरातल्या लोकांच्या लेखी अडचण ही होती की दीडशे किलोमीटर जाताना बाळ झोपेल कसं. त्यांनी मला विचारलंही तेच: "मॅडम, गाडीत शांत झोपाले काई औषध असते का?"

बाविसाव्या दिवसानंतर मला मात्र दुसरंच दिसत होतं. गाडीत नवजात बाळ झोपतंच. हेलकावा, एकसारखा आवाज, आईच्या अंगाची ऊब, यापुढे त्याचं काही चालत नाही. भीती तिथेच आहे. ते झोपलं की मोठी माणसं निर्धास्त होतात, पाजायची वेळ निघून जाते, अंगातलं पाणी आणि साखर कमी होते, आणि मग बाळ झोपेने नव्हे, अशक्तपणाने पडून राहतं. वरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच दिसतं. मांडीवर हनुवटी छातीला टेकून झोपलेलं बाळही असंच शांत दिसतं, पण त्या अवस्थेत त्याची श्वासाची वाट दबते.

झोपेची खरी पंचाईत येते ती मुक्कामी पोचल्यावर. नवं घर, नवे हात, नवे आवाज. लग्नघर म्हटल्यावर तर बोलायलाच नको.

म्हणून प्रश्न आम्ही असा मांडला: वाटेत बाळाचं दूध चुकणार नाही आणि ते तापणार नाही हे कसं पाहायचं, आणि तिथे गेल्यावर ते कुठे, कशावर, कोणाजवळ झोपणार.

कोणते पर्याय होते

अठ्ठाविसाव्या दिवसाच्या भेटीला मी आशाताईसोबत गेले. सविताचा नवरा आला होता, सासूबाई फोनवर, स्पीकर चालू.

माझं मत मी आधीच सांगितलं: लग्न सोडा. दीड महिन्याची लस इथेच घ्या, मग जा. तोवर बाळाची मानही थोडी धरली जाईल. हे कोणाला आवडलं नाही, सविताच्या आईलाही नाही, कारण तिला बाळाची काळजी होती तशी व्याह्यांच्या रागाचीही होती. लोक आपला सल्ला घेतात म्हणजे तो मानतात असं नाही, हे या नोकरीत लवकर कळतं.

मग मी सविताला विचारलं. तोवर तिला कोणी विचारलंच नव्हतं. ती म्हणाली, "मले जायचं हाय, मॅडम. पण रात्री रडली त पाहुण्याईत तिले धरन कोन? मी एकटीच जागू का?" या वाक्याने पुढची सगळी चर्चा बदलली. प्रवासाची भीती तिला नव्हतीच, रात्रीची होती. नवऱ्याने मान खाली घातली आणि थोड्या वेळाने म्हणाला, रात्री मी जागीन. त्याने ते पाळलं, दोन रात्री तरी.

जायचं ठरल्यावर कसं जायचं. एसटी सगळ्यात स्वस्त, त्यात बायांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट. पण यवतमाळ, दारव्हा, कारंजा अशा गाड्या बदलत जायचं, म्हणजे दिवस तिथेच बुडणार आणि भर उन्हात स्टँडवर बसणं. सविताच्या आजीने मधेच आठवण काढली की ती आपल्या लेकराला घेऊन दारव्ह्याहून कारंज्याला 'शकुंतला' रेल्वेत बसून गेली होती, गाडी इतकी हळू की खिडकीतून हात काढून बोरं तोडावी. यवतमाळ ते मूर्तिजापूरची ती नॅरोगेज आता बंद आहे, पण आजीचा मुद्दा खरा होता. त्या गाडीत आडवं टाकायला जागा होती आणि घाई कोणाला नव्हती.

दुसरा पर्याय रात्रीच्या गाडीचा. नवऱ्याला हाच पसंत होता, ऊन नाही म्हणून. मी दोन गोष्टी पुढे केल्या. एक, त्या रस्त्यावर रात्री रोही (नीलगायी) आणि रानडुकरं आडवी येतात आणि लग्नसराईत ड्रायव्हर दिवसभराचा थकलेला असतो. दुसरी, अंधारात बाळाचा चेहरा दिसत नाही. रंग, श्वास, तोंडाजवळ आलेलं कापड, काही कळत नाही. बाविसाव्या दिवशी तर उजेड होता, तरी कळलं नव्हतं.

तिसरा पर्याय पहाटे भाड्याची गाडी. चार-सव्वाचारला निघून साडेआठपर्यंत पोचायचं, सूर्य डोक्यावर यायच्या आत. भाडं साडेतीन हजार. सासूबाईंना ते फार वाटलं. शेवटी दिराने हळदीच्या खर्चातून काढून दिलं. कधी पोचायचं यावरही वाद झाला. आदल्या दिवशी जाऊन लग्न उरकून परत, की तीन दिवस आधी? आम्ही तीन दिवस आधी ठरवलं, म्हणजे पाहुण्यांची गर्दी व्हायच्या आत बाळाला घर ओळखीचं होईल. हा निर्णय अर्धाच बरोबर ठरला.

तयारी

झोपेसाठी बाळाला फार काही लागत नाही. सपाट, घट्ट अंथरूण, पाठीवर निजवलेलं बाळ, आजूबाजूला मोकळी जागा आणि आई हाताच्या अंतरावर. तरी प्रत्येक गोष्टीला घरात एक उत्तर तयार होतं. डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी होती. ती घेऊन जाऊ नका, एवढंच म्हणाले. उशीने मान पुढे झुकते. बाजेवर निजवू नका, सुंभ मधे लोंबतं. खालीच वाकळ दुमडून टाका आणि तिच्यावर आईच्या जुन्या लुगड्याचं दुपटं, घरी वापरलेलंच, धुऊन कोरं केलेलं नको. त्या वासाने बाळ शांत राहतं.

झोळीवर मात्र माझा आणि आशाताईचा मतभेद झाला. साडीची झोळी आमच्याकडे घरोघरी असते. तिच्यात महिन्याचं बाळ वाकडं होऊन हनुवटी छातीला टेकते, म्हणून मी 'नकोच' म्हणणार होते. आशाताई म्हणाली, "मॅडम, नको म्हटलं त तुमच्या माघारी बांधतीन, अन् मग कोनी पाहनार नाही." तिच्या म्हणण्याप्रमाणे सांगितलं: डोळ्यासमोर असेल तोवरच झोळी, झोप लागली की उचलून खाली सपाट. यात तडजोड आहे, हे मान्य.

कपड्यांचा हिशोब सोपा ठेवला. उन्हाळ्यात आई एका सुती साडीत आहे तर बाळाला एक सुती झबलं आणि लंगोट, पहाटे वर एक पातळ दुपटं. गाडीत टोपडं नाही, तोंडावर काही नाही. ऊब हाताच्या तळव्यावरून ओळखायची नाही, मानेमागे किंवा छातीवर हात लावून पाहायचं. गुंडाळायचंच तर कमरेखाली सैल, पाय वर दुमडता आले पाहिजेत. पाय सरळ ताणून घट्ट बांधले की खुब्याचा सांधा सरकू शकतो.

पाणी, मध, घुटी, ग्राइप वॉटर काही नाही. उन्हाळा आहे म्हणून पाणी लागतं हा समज मोडायला सगळ्यात जास्त वेळ गेला. सहा महिने आईच्या दुधातच पाणी आहे. पाणी सविताने प्यायचं.

एक गोष्ट जमली नाही. गाडीत नवजात बाळासाठी मागे तोंड करून बांधायची खास खुर्ची मिळते आणि तीच सुरक्षित. यवतमाळला चौकशी केली, एवढ्या लहान बाळाची मिळाली नाही. एका वेळेसाठी तेवढा पैसा घालायची घराची ऐपतही नव्हती. मागच्या सीटवर, पट्टा लावलेल्या आईच्या मांडीवर बाळ गेलं. पट्टा आईच्या एकटीच्या अंगावरून, बाळावरून नाही. दोघांना एकाच पट्ट्यात घेतलं तर धक्क्याला आईच्या वजनाखाली बाळ चेंगरतं. ड्रायव्हरला पन्नासच्या वर जायचं नाही असं बजावलं. काही झालं नाही, पण त्याला मी सुरक्षित प्रवास म्हणणार नाही. या सगळ्या प्रकरणातला तो सगळ्यात कच्चा दुवा आहे.

एमसीपी कार्ड, म्हणजे आई-बाळाच्या तपासण्या आणि लसींच्या नोंदीचं कार्ड, पिशवीत वरच ठेवलं. आणि आशाताईने सासरच्या गावच्या आशाताईचा नंबर मिळवून तिला सगळं सांगितलं. हे कोणी सांगितलेलं काम नव्हतं. पुढे त्याचाच सर्वांत जास्त उपयोग झाला.

प्रवासाची सकाळ

एकतिसावा दिवस. चारला पाजून सव्वाचारला गाडी निघाली. सोबत सविताची आई. यवतमाळबाहेर सव्वापाचला थांबले, बाळ झोपलेलं, लंगोट कोरडा, अंग गार-कोमट. पुढे निघाले. दारव्ह्याला सहा-वीस झाले, अजून झोप चालूच.

ठरलं असं होतं की दिवसा प्रवासात अडीच तासांच्या वर बिनदुधाचं ठेवायचं नाही. सविताने तिला उठवायला घेतलं तर आई आडवी आली. "काऊन उठवतं तिले? झोपलेल्या लेकराले उठवू नाही." एरवी आईचं बरोबर असतं. वजन नीट वाढणाऱ्या बाळाला रात्री घरी एखाद वेळी तीन-साडेतीन तास झोपू दिलं तर बिघडत नाही. पण सविताने आईला बाविसाव्या दिवसाची आठवण दिली आणि गाडी कडेला लावून घेतली. दुपटं सोडलं, लंगोट बदलला, तळपाय चोळले, पाठीवरून बोट फिरवलं. मुलगी कुरकुरली, रडली आणि मग बारा मिनिटं दूध प्यायली. चालत्या गाडीत पाजायचं नाही हे ड्रायव्हरलाही सांगून ठेवलं होतं. तो कंटाळला, चहा प्यायला गेला.

कारंज्याला पुन्हा थोडी प्यायली. साडेआठला गाव आलं तेव्हा ती जागी होती. सविताच्या फोनवरून मला फोटो आला, ओवाळताना काढलेला. बाळ एका झबल्यात, मोकळ्या डोक्याचं. कोणीतरी मागून टोपडं घेऊन येताना दिसत होतं.

लग्नघरातल्या तीन रात्री

पहिली रात्र वाईट गेली. अकरापासून चारपर्यंत रडणं. सासूबाईंना वाटलं नजर लागली, मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या. सविताने सकाळी तिकडच्या आशाताईला दिवसाचा हिशोब सांगितला तेव्हा कारण कळलं. दिवसभर नात बघायला येणाऱ्यांनी ती या हातातून त्या हातात फिरवली होती. डोळा लागला की कोणी तरी उचलायचं. बाळाची अर्धी झोप वरवरची असते. तोंड वेडंवाकडं करतं, कण्हतं, पापण्या हलतात, पण ते झोपेतच असतं, आणि हात न लावता क्षणभर थांबलं तर पुन्हा गाढ झोपतं. कोणी तेवढं थांबतच नव्हतं. शिवाय एवढ्या माणसांत बाळाला पदराखाली घ्यायला सविता लाजत होती, त्यामुळे दूधही तुटक झालं. दिवसभर न झोपलेलं, अर्धपोटी लेकरू रात्री झोपेल कसं?

सासरच्या आशाताईने दुसऱ्या दिवशी जे केलं ते मला सुचलं नसतं. तिने सासूबाईंना बाजूला घेऊन विचारलं, "मावशी, सव्वा महिना झाला का पोरीले?" नाही म्हटल्यावर म्हणाली, मग बाळंतिणीच्या खोलीत अशी ये-जा कशी चालते तुमच्या घरी? ज्या रिवाजाने प्रवास अडवायला पाहिला होता तोच आता दाराशी उभा केला. सासूबाई स्वतः दारात बसल्या. येईल त्याला, "सव्वा महिन्याच्या आतलं लेकरू हाय, दुरून पाहा." माजघरातली खोली सवितासाठी मोकळी झाली. दिवसा खिडकी उघडी, रात्री छोटा दिवा. कूलरचा झोत भिंतीकडे. बिडी ओढणारे काका अंगणाबाहेर. त्या रात्री नवरा जागा राहिला, रडली की तो धरायचा आणि सविता पाजून पुन्हा झोपायची. मुलगी अडीच-तीन तासांचे तुकडे झोपली.

तिसरी रात्र हळदीची. डीजे घराला लागूनच. हे आधीच धरलं होतं, म्हणून सविता आणि बाळ गावाच्या दुसऱ्या टोकाला चुलत सासूकडे झोपायला गेले. नवरा हळदीत होता, तो येऊ शकला नाही. रात्री दहाला मुलगी रडायला लागली. चुलत सासू जाणती बाई. तिने सहाणेवर जायफळ उगाळलं आणि सविता हात धुवायला गेली तेवढ्यात बोटाने दोनदा चाटवलं. "आमी त असेच वाढवले लेकरं."

मुलगी झोपली. अकरा, बारा, एक. सविताही थकून झोपली. साडेतीनला तिला जाग आली, छाती दुधाने दगड झालेली. बाळ जागचं हललं नव्हतं. पुढचं तिने मला नंतर सांगितलं: "मॅडम, दिवा लावून पायलं त तशीच दिसली, एसटीतल्यासारखी." तिने उचललं, मान सैल, तळपाय चोळले तरी नुसती भुवई हलली. तिने चुलत सासूला उठवलं, मग तिला जायफळाचं कळलं. नवऱ्याला फोन, आशाताईला फोन. आशाताई पायीच आली, श्वास मोजला, मिनिटाला ४४, छाती आत ओढली जात नव्हती, ताप नव्हता. तरी तिने वाट न पाहता १०२ ला फोन केला आणि पहाटे बाळ प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलं. वाटेतच मुलीने चूळबूळ सुरू केली. तिथे काढलेलं दूध वाटी-चमच्याने दिलं, सकाळी आठच्या सुमारास ती स्वतः ओढायला लागली. दुपारपर्यंत ठेवून घेतलं, मग सोडलं. सविता लग्नाला अक्षतांपुरती पोचली. बाळ सासरच्या आशाताईजवळ खोलीत होतं.

पुढे काय झालं

बेचाळिसाव्या दिवशी सासरच्या आशाताईने वजन घेतलं, ३ किलो ५५०. दीड महिन्याच्या लसी तिथल्याच उपकेंद्रात, त्याच कार्डावर झाल्या. चुलत सासूने आठवडाभर सविताशी अबोला धरला, कारण दवाखान्यात तिचं नाव निघालं. नंतर तीच बाळाला न्हाऊ घालायला यायला लागली. सासूबाईंनी जायफळाचा डबा वरच्या फळीवर ठेवला, फेकला नाही. मसाल्याला लागतो म्हणाल्या, ते खरंच आहे.

आज पुन्हा करायचं झालं तर

जायफळाची चूक मी माझ्याकडे घेते. अठ्ठाविसाव्या दिवशी मी विचारलं होतं, "घुटी देता का?" सगळ्यांनी नाही म्हटलं, आणि ते खोटं नव्हतं. त्यांच्या लेखी घुटी म्हणजे घुटी, जायफळ म्हणजे जायफळ. अमुक देता का, असं एकेक नाव घेऊन विचारलं की नाव न घेतलेली वस्तू निसटते. आता आम्ही असं विचारतो: "लेकरू झोपावं म्हणून तोंडात काय काय टाकता?" परवाच एका घरी उत्तर आलं, खसखस. शिवाय मी हे फक्त माहेरच्या माणसांना विचारलं होतं. बाळ जिथे जाणार तिथल्या बायांशी मी बोललेच नव्हते, सासूबाईंशी बोलले तेही भाड्यावर.

तीन दिवस आधी जाण्याचा निर्णय घर ओळखीचं व्हावं म्हणून होता. त्याने उलट तीन दिवसांचे जास्तीचे हात बाळाला लागले. दाराशी कोण बसणार हे निघायच्या आधी ठरायला हवं होतं. हळदीच्या रात्री खोली बदलली ते ठीक, पण रात्र जागणारा माणूस सोबत गेला नाही. सविताने अठ्ठाविसाव्या दिवशी नेमकं हेच विचारलं होतं, तिला धरेल कोण. दोन रात्रींचं उत्तर तिला मिळालं, तिसऱ्या रात्रीचं आम्ही कोणी विचारलं नाही.

लग्न सोडा हा माझा पहिला सल्ला मी आजही देईन. पण सल्ला न मानणाऱ्या घराला पुढची मदत करायची की नाही, यावर आमच्या बैठकीत दोन मतं पडली. एका सहकारी सिस्टरचं म्हणणं, आपण गाडीची वेळ ठरवून दिली म्हणजे जाण्याला परवानगीच दिली. मला तसं वाटत नाही. ते रात्रीच्या गाडीने गेले असते, टोपडं घालून.

आषाढात सविता माहेरी आली, सकाळच्या पहिल्या एसटीने, खिडकीकडची जागा धरून. मुलगी तीन महिन्यांची झाली होती. यवतमाळपर्यंत झोपली आणि पुढे घाटंजीपर्यंत जागी राहून सगळ्या गाडीकडे टकामका पाहत होती. सविताची आई म्हणाली, "आता झोपत नाही हे गाडीत." तक्रारच होती ती.